पाळी लांबली? डेट पुढे गेल्यावर विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला एका स्त्रीरोग ओपीडीत सिस्टर आहे, अठरा वर्षं झाली. राहते लोकमान्य नगरात, त्यामुळे ड्यूटी संपली तरी प्रश्न संपत नाहीत. भाजी घेताना, आरती झाल्यावर चपला शोधताना, रात्री अकराला व्हॉट्सॲपवर, सगळीकडून तेच, "ताई, डेट होऊन गेली, अजून आली नाही, काय करू?" परत परत तेच सांगते, म्हणून म्हटलं एकदा सगळं बसून लिहूनच काढू. वाचायला थोडं लांब आहे, पण तुम्हाला लागू असलेला प्रश्न शोधा आणि तेवढं वाचलं तरी चालेल. फक्त दुसरा आणि तिसरा प्रश्न सगळ्यांनी वाचा.

किती दिवस झाले म्हणजे पाळी लांबली म्हणायचं?

आधी मोजायचं कसं ते बघू, कारण निम्म्या जणी इथेच चुकतात. पाळी संपल्यापासून मोजायचं नसतं. ज्या दिवशी रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस, तिथपासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. मोठ्या बाईचं हे चक्र २१ ते ३५ दिवसांचं असलं तर ते नॉर्मल धरतात. २८ हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय पण दर महिन्याला बरोब्बर २८ व्या दिवशी येणाऱ्या फार कमी असतात. कधी २७, कधी ३१ असं चाललं तर त्यात काही बिघाड नाही. "दर महिन्याला त्याच तारखेला यायला पाहिजे" हे तर मुळातच जमणारं नाही, महिनेच कुठे सारखे आहेत.

तुमचं नेहमीचं जे आहे त्याच्यापुढे सातेक दिवस गेले की लांबली म्हणा. नेहमीच ३४ दिवसांनी येते अशी बाई ३२ व्या दिवशी घाबरून आली तर तिला मी चहा पाजून घरी पाठवते.

पण मग उशीर होतो तो नक्की कुठे होतो?

हे एकदा समजलं ना की बाकी सगळं आपोआप उलगडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाळीचे दोन भाग धरा. पहिल्या भागात अंडाशयात एक अंडं पिकत असतं, आणि त्याच वेळी गर्भपिशवीच्या आतलं अस्तर जाड होत असतं. मग अंडं फुटून बाहेर पडतं. तिथून दुसरा भाग सुरू. गर्भ राहिला नाही तर अंडं सुटल्यापासून साधारण १२ ते १४ दिवसांनी हार्मोन खाली येतात, अस्तर सुटतं आणि पाळी येते.

यातला दुसरा भाग बऱ्यापैकी ठरलेला असतो, प्रत्येकीचा आपापला, एखाद-दोन दिवसांचा फरक. पहिला भाग मात्र ताणला जातो. अंडं पिकवायचा हुकूम मेंदूतून येतो, आणि शरीर आजारी असलं, उपाशी असलं, झोप नसली, मनावर फार ओझं असलं तर मेंदू तो हुकूम पुढे ढकलतो. अंडं दहा दिवस उशिरा सुटलं तर पाळीही दहा दिवस उशिरा येणार. म्हणजे बहुतेक वेळा खरा उशीर अंड्याला झालेला असतो, आणि आपल्याला तो कळतो दोन आठवड्यांनी.

म्हणून मी बायकांना "आत्ता काय झालं" ते विचारत नाही, "दोन-तीन आठवड्यांपूर्वी काय झालं होतं" ते विचारते. मागच्या पावसाळ्यात एक वहिनी आल्या, पाळी १२ दिवस पुढे, घरात सगळं ठीक, टेन्शन नाही, टेस्ट दोनदा निगेटिव्ह. मी म्हटलं महिन्याभरात ताप वगैरे? तर म्हणाल्या, अगं हो, डेंग्यू झाला होता की, पण तो तर कधीच बरा झाला. पाळीच्या हिशेबात मात्र तो अगदी अंडं पिकायच्या आठवड्यात आला होता. चार दिवसांनी त्यांना पाळी आली.

लांबली की सगळ्यात आधी काय करायचं?

संबंध आले असतील, एकदा का होईना, तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट. निरोध वापरला होता, गोळी चालू आहे, "त्यांनी काळजी घेतली होती", वय ४४ आहे, काहीही असो, आधी टेस्ट. याच्यावर मी अजिबात तडजोड करत नाही कारण बाकी कुठलंही कारण शोधायच्या आधी हे एक नक्की व्हायला पाहिजे, औषधंसुद्धा त्यावरच ठरतात.

किट कुठल्याही मेडिकलवर मिळतं, आशाताईंकडे सरकारी 'निश्चय' किट असतं ते फुकट. सकाळची पहिली लघवी घ्या, स्वच्छ कोरड्या वाटीत. ड्रॉपरने पाकिटावर लिहिलंय तेवढेच थेंब टाका, पाच मिनिटं थांबा, घड्याळ लावून. किटवर सी (C) आणि टी (T) लिहिलेलं असतं, सी पाशी एक रेघ आली म्हणजे किट चालतंय. टी पाशी दुसरी रेघ आली, फिकी आली तरी, ती हो समजा. "फिकी आहे म्हणजे थोडीशीच प्रेग्नंट" असं काही नसतं. आणि किट तसंच ठेवून संध्याकाळी परत बघू नका, वाळल्यावर उमटलेल्या पुसट रेघेला अर्थ नाही. सीची रेघच आली नाही तर किट खराब, नवीन आणा.

टेस्ट निगेटिव्ह आली, तरी पाळी नाही. आता?

एक आठवड्याने परत करा. वर सांगितलं ना, अंडंच उशिरा सुटलं असेल तर गर्भही उशिरा राहिलेला असू शकतो, मग तुमच्या डेटच्या दिवशी लघवीत गर्भ राहिल्याचं हार्मोन (एचसीजी, किट तेच ओळखतं) सापडण्याइतकं तयारच झालेलं नसतं. शेवटच्या संबंधांनंतर २१ दिवस उलटून गेल्यावर केलेली टेस्ट निगेटिव्ह असेल तर तिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. घाई असेल तर रक्ताची बीटा-एचसीजी करता येते, ती आधी सांगते.

लग्न झालेलं नाही. मेडिकलवर किट मागायची भीती वाटते, ओळखीचं कोणी बघेल.

बाळा, कळतंय मला. भंवरकुआंच्या कोचिंगमधल्या कितीतरी मुली येतात, खंडवा, बुऱ्हाणपूर, धार कुठून कुठून आलेल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या. एक मुलगी वापरलेलं किट वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर रबरबँड लावून, परत पिशवीत घालून घेऊन आली होती. तीन दिवस तिने ते उशीखाली ठेवलं होतं, उघडून बघायची हिंमत नव्हती. तोपर्यंत त्यावर वाचण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, आम्ही नवीन टेस्ट केली, निगेटिव्ह होती. तीन दिवस जेवली नव्हती पोरगी.

किट ऑनलाइन मागवता येतं. दुसऱ्या भागातल्या मेडिकलवरून आणता येतं. मेडिकलवाला कागद मागत नाही, नाव विचारत नाही, विचारलं तर दुसऱ्या दुकानात जा. मैत्रिणीला सोबत घ्या. एवढंच करा की दिवस घालवू नका.

आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली, पण मूल नको असेल तर?

मेडिकलवरून गर्भपाताच्या गोळ्या आणून घरी खायच्या नाहीत. हात जोडून सांगते. किती आठवडे झालेत आणि गर्भ पिशवीतच आहे ना, हे बघितल्याशिवाय त्या गोळ्या घेणं जिवावर बेतू शकतं. गर्भ पिशवीऐवजी गर्भनळीत राहिला असेल तर त्या गोळ्यांनी तो निघत नाही, नळी फुटू शकते.

आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. कायद्यातल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, आणि गर्भनिरोधक फेल गेलं हेही त्यातलं एक कारण आहे, लग्न झालेलं असो वा नसो. अठरा वर्षं पूर्ण असतील तर तुमची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची कायदा मागत नाही. तुमचं नाव गुप्त ठेवणं हेही कायद्यातच आहे. गोळ्यांनी होणारा गर्भपात ९ आठवड्यांपर्यंत, म्हणून म्हणते लवकर या. लवकर आलात तर सगळं सोपं असतं.

इमर्जन्सी गोळी घेतली होती, त्यामुळे लांबेल का?

हो, लांबू शकते. ७२ तासांच्या आत घ्यायची ती गोळी मुळात अंडं सुटणं पुढे ढकलते, मग पाळी इकडेतिकडे होणारच, आधीही येऊ शकते. एक आठवड्यापर्यंत फरक पडला तर ठीक. त्यापुढे गेली तर टेस्ट. आणि एकाच महिन्यात दोन-तीनदा ही गोळी घेतली तर पाळीचा हिशेब पार विस्कटतो, नेहमीसाठी दुसरं साधन निवडा.

टेन्शनने खरंच पाळी पुढे जाते की डॉक्टर उगाच म्हणतात?

खरंच जाते. पीएससीची प्रिलिम जवळ आली की आमच्या ओपीडीत पाळी लांबलेल्या मुली वाढतात हे मी दरवर्षी बघते. पण त्यात नुसतं टेन्शन नसतं. विचारलं की कळतं, रात्री दोनपर्यंत लायब्ररी, सकाळी पोहे, दुपारी मेसचं अर्धं जेवण, रात्री मॅगी, वजन तीन महिन्यांत पाच-सहा किलो उतरलेलं. मेंदूला हे सगळं मिळून एकच गोष्ट कळते की दिवस बरे नाहीत, आत्ता गर्भ नको, आणि तो अंड्याचा हुकूम थांबवतो.

पण एक लक्षात ठेवा. अंडं सुटून गेल्यावर आलेलं टेन्शन पाळीला फारसं पुढे ढकलत नाही. म्हणून "डेट आली आणि टेन्शन घेतलं म्हणून आली नाही" यात फार तथ्य नाही, त्या आधीचा महिना कसा गेला ते आठवा. आणि घरच्यांनी पण "टेन्शन घेते म्हणून होतं" असं म्हणून मुलीला गप्प बसवायचं नाही. तीन महिने आली नाही तर टेन्शनवर ढकलून बसू नये, तपासायचं.

मी डाएट करतेय, जिम लावलंय / नवरात्राचे नऊ दिवस उपास केले. त्याने होतं का?

नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन केलेल्या उपासाने सहसा नाही होत. निर्जळी, किंवा दिवसभर नुसत्या दोन केळ्यांवर, आणि त्यात कामं सगळी तीच, तर त्या महिन्यात हलू शकते. वजन झपाट्याने उतरवणाऱ्या, एकवेळ जेवून तासनतास धावणाऱ्या मुलींची, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांची तर अगदी बंदच होते. बऱ्याच जणींना त्यात सुटका वाटते, बरं झालं, कटकट गेली. तसं नाहीये हो, पाळी बंद म्हणजे इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी, आणि विशीत इस्ट्रोजेन कमी म्हणजे हाडं ठिसूळ व्हायला लागतात. व्यायाम करा पण त्याच्याबरोबर पोटभर जेवा.

गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. आता येतच नाही.

हा आपल्या लोकांतला अगदी खास प्रश्न. गौरी-गणपती, मुंज, सत्यनारायण, नणंदेचं लग्न, काहीही असलं की नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या मागवल्या जातात, त्याही सासूबाई किंवा जावेच्या जुन्या चिठ्ठीवर. गोळ्या डेटच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करायच्या असतात आणि बंद केल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत पाळी येते. एक आठवडा झाला तरी आली नाही तर टेस्ट करा, कारण या गोळ्या अशा घेतल्याने गर्भ राहणं थांबत नाही आणि पुष्कळ जणींचा नेमका तोच गैरसमज असतो.

वर्षात एखादवेळा, डॉक्टरांना विचारून घेतल्या तर ठीक आहे. पण पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, घरात कोणाला झाली असेल, लिव्हरचा त्रास असेल, डोळ्यांपुढे चमकून होणारं मायग्रेन असेल तर विचारल्याशिवाय एकही गोळी नको. मला मनापासून वाटतं की ज्या घरात सुनेला दर सणाला या गोळ्या घ्याव्या लागतात त्या घरातल्या मोठ्यांनी एकदा विचार करावा. आमच्या आजेसासूबाई, जुन्या वळणाच्या, त्यांनीच मला पहिल्या गणपतीत सांगितलं होतं, गोळी नको खाऊस, नैवेद्याचं मी बघते, तू बाहेर बसून दुर्वा निवड.

पीसीओडी म्हणजे काय, "पाण्याच्या गाठी" काढाव्या लागतात का?

नाही लागत. सोनोग्राफीत ज्या दिसतात त्या खऱ्या गाठी नसतातच, ती अर्धवट पिकून थांबलेली अंडी असतात, छोटे छोटे बुडबुडे. अंडं पिकायला सुरुवात होते पण पूर्ण होत नाही, मग पाळी दीड-दोन महिन्यांनी, कधी तीन-चार महिन्यांनी येते. सोबत हनुवटीवर केस, पिंपल्स, मानेवर काळपट वळ्या, पोटाकडे वजन. जगभरात मूल होण्याच्या वयातल्या साधारण १० ते १३ टक्के बायकांना हे असतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे तुमच्या जिन्यातच कोणाला तरी असेल.

नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओडीचा शिक्का मारता येत नाही, विशेषतः कॉलेजातल्या मुलीला, कारण त्या वयात असे बुडबुडे बऱ्याच जणींना दिसतात. पाळी लांबणं, पुरुषी हार्मोन जास्त असल्याच्या खुणा आणि सोनोग्राफी, या तीनपैकी दोन तरी लागतात, आणि थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) यांचा बिघाड नाही ना, हे आधी बघावं लागतं.

बऱ्याच जणींना यात इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून शुगरही तपासतात. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी कितीतरी जणींची पाळी रुळावर येते, ७० किलोच्या बाईला साडेतीन ते सात किलो. इंदूरात हे कठीण आहे, मला माहिती आहे, सकाळी पोहे-जिलबी, संध्याकाळी कचोरी आणि प्रत्येक गोष्टीवर शेव. मी कोणाला पोहे सोडायला सांगत नाही. जिलबी रोजची आठवड्यावर आणा, पोह्यात मटार-शेंगदाणे वाढवा, जेवणानंतर वीस मिनिटं चाला. आणि बारीक असूनही पीसीओडी असलेल्या मुली असतात, त्यांना "वजन कमी कर" सांगून काही होत नाही, त्यांची ट्रीटमेंट वेगळी.

एक गोष्ट मात्र सोडू नका. पीसीओडीत पाळी महिनोन्महिने आली नाही तर अस्तर आत जाड होत राहतं, आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर त्यातून पुढे कॅन्सरचाही धोका वाढतो. म्हणून डॉक्टर गोळ्या देऊन वर्षातून निदान चारेक वेळा तरी पाळी आणवतात. मूल लगेच हवंय की नको, हे डॉक्टरांना आधी सांगा, औषध त्याप्रमाणे बदलतं.

थायरॉइडचा पाळीशी काय संबंध?

हा माझा स्वतःचा प्रश्न होता. लग्नानंतर वर्षभरात माझी पाळी ५०-६० दिवसांवर गेली. वजन वाढलं, तर आई म्हणाली सासर मानवलं. मे महिन्यात सगळे कूलरसमोर आणि मी शाल घेऊन. केस तर वेणी घालताना कंगव्यात गोळा व्हायचे, मी ते बोटाला गुंडाळून खिडकीत ठेवायची. तेव्हा जिथे दाखवत होते तिथे मला सात महिने नुसत्या पाळी आणायच्या गोळ्या दिल्या, पाच दिवस घ्या, पाळी येते, बंद केलं की परत तेच, रक्त एकदाही तपासलं नाही. मी नर्सिंग शिकलेली, मलाही सुचलं नाही. शेवटी एका सिनियर सिस्टरने माझा गळा बघितला आणि म्हणाली टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून ये. १८ निघाला, म्हणजे बराच जास्त, थायरॉइड कमी काम करत होती.

सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. चार महिन्यांत पाळी ३० दिवसांवर आली. म्हणून मी आता हट्टाने सांगते, पाळी आणायची गोळी म्हणजे कारणावरचा इलाज नाही, ती अस्तर पाडते, अंडं का पिकलं नाही ते तिला कळत नाही. गोळी घ्या, पण "पाळी का थांबली होती" हे विचारून घ्या. टीएसएच ही साधी रक्ततपासणी आहे, आधी करून टाका.

दुसऱ्या औषधांनी पाळी लांबते का?

लांबते, आणि याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. गेल्या वर्षी एक आई बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली, दोन महिने पाळी नाही आणि छातीतून दुधासारखं येतंय. आईचा चेहरा पांढराफटक, मुलगी रडत होती, "मी काही केलं नाही". टेस्ट निगेटिव्ह. मी म्हटलं गोळ्या काय चालू आहेत ते दाखव. पर्समधून ॲसिडिटीच्या कॅप्सूलची पट्टी निघाली, चार महिने रोज घेत होती, मेडिकलवाल्याने दिलेली. पट्टी उलटी केली, मागे बारीक अक्षरात पँटोप्राझोलच्या पुढे लेव्होसल्पिराइड. हे औषध प्रोलॅक्टिन वाढवतं, दूध आणणारं हार्मोन, आणि ते वाढलं की मेंदू अंडं पिकू देत नाही. डॉक्टरांनी ती कॅप्सूल बदलली, पुढच्या दीड महिन्यात पाळी आली.

उलटीवरचं डोमपेरिडोन आणि मानसिक आजारावरची काही औषधंही असंच करतात. पण मनाच्या आजाराची औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं. आणि कुठलंही औषध चालू नसताना छातीतून दूध, सोबत डोकं दुखतंय, बाजूचं दिसत नाहीये असं असेल तर वेळ न घालवता दाखवा.

अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, कॉपर टी, यांचं काय?

अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी असतं, त्यात पाळी अनियमित होणं आणि पुढे बंदच होणं हे अपेक्षित आहे, इंजेक्शन थांबवल्यावर परत यायला काही महिने लागतात. छाया ही आपल्याच लखनौच्या संशोधन संस्थेत शोधलेली, हार्मोन नसलेली गर्भनिरोधक गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. तिनेही सुरुवातीला पाळी लांबते. पण फार लांबली, डेटच्या पुढे पंधरा दिवसांपेक्षा जास्त गेली तर टेस्ट करायची. साध्या कॉपर टीने पाळी लांबत नाही, उलट जास्त जाते. म्हणून कॉपर टी असताना पाळी चुकली तर टेस्ट त्याच दिवशी, कारण त्यात गर्भ राहिलाच तर तो नळीत असण्याची शक्यता जास्त असते.

बाळ अंगावर पितंय, पाळी आली नाही, म्हणजे दिवस जाणार नाहीत ना?

बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान, फक्त अंगावरचंच दूध, रात्रीसुद्धा, आणि पाळी अजून एकदाही नाही, या तिन्ही गोष्टी असतील तर शक्यता फार कमी. यातली एक जरी सुटली, वरचं पाणी-दूध सुरू झालं, उष्टावण झालं, की भरवसा संपला. अंडं पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे बाळंतपणानंतर पाळी न येता परत दिवस गेलेल्या बायका मी दरवर्षी बघते.

मुलगी १३ वर्षांची आहे, एकदा पाळी आली आणि दोन महिने पत्ता नाही.

पहिली दोन-तीन वर्षं असं होतं, मेंदू आणि अंडाशयाचं जुळायला वेळ लागतो. या वयात ४५ दिवसांपर्यंत अंतर चालतं, मधे कधीतरी जास्तही. तीन महिने उलटले तर दाखवा. १५ पूर्ण होऊनही पहिली पाळीच आली नाही, किंवा १३ पर्यंत छातीची वाढच सुरू झाली नाही, तर थांबायचं नाही. "आमच्याकडे उशिराच येते" म्हणून सोडून देऊ नका. आणि एक, मुलीला दर महिन्याला पोटात कळ येते पण रक्त दिसतच नाही असं असेल तर रक्त बाहेर यायची वाट बंद असू शकते, ते लगेच दाखवायचं.

वय ४४-४५, पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी वीस दिवसांनी. जायची वेळ आली का?

बहुतेक तेच. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते, त्याआधी काही वर्षं अशी धरसोड असते. सलग १२ महिने आली नाही की मग गेली म्हणायचं, तोपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवा. या काकू लोकांना टेस्ट करा म्हटलं की हसतात, पण आमच्याकडे ४३ व्या वर्षी चौथा महिना लागल्यावर कळलेली बाई आलेली आहे. बारा महिन्यांनंतर परत थेंबभर जरी लाल दिसलं तरी "परत आली" म्हणून घरी बसू नका, त्याच आठवड्यात तपासून घ्या. आणि चाळिशीच्या आत पाळी जायला लागली तर ते वयाचं समजू नका, त्याला इलाज घ्यावा लागतो.

पपई, तीळ-गूळ, ओव्याचा काढा, याने येते का?

अंडं सुटून गेलेलं असेल तर पाळी दोन-चार दिवसांत येणारच असते, मग शेवटी जे खाल्लं त्याला श्रेय मिळतं. अंडंच सुटलं नसेल तर किलोभर पपई खाल्लीत तरी येत नाही. खायला काही हरकत नाही, गुळाचा लाडू छानच. फक्त टेस्ट करायच्या ऐवजी काढे करत बसू नका.

पाळी आली नाही म्हणजे ते खराब रक्त आत साठतं का?

पाळीचं रक्त खराब नसतं. ते तुमचंच रक्त आणि अस्तर. ते अंगात भिनत नाही, डोक्यात चढत नाही, त्याने पिंपल्स येत नाहीत.

कधी वाट न बघता लगेच निघायचं?

पाळी चुकलेली आहे आणि पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाशी दुखतंय, घाम सुटलाय, थोडं थोडं रक्त जातंय, तर रात्रीचे दोन असले तरी निघा. गर्भ नळीत असेल तर आत रक्तस्राव होऊ शकतो. टेस्ट केली नसेल तरी निघा. १०८ ला (ॲम्ब्युलन्स) फोन करा, एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला या, जवळचं जे मोठं हॉस्पिटल असेल तिथे जा, नवरा ऑफिसमधून यायची वाट बघू नका.

डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं, काय विचारतील?

मागच्या तीन-चार पाळ्यांच्या पहिल्या दिवसाच्या तारखा. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक चूर्ण आणि जिमवाल्याने दिलेली पावडरसुद्धा. वजनात झालेला फरक. टेस्ट केली असेल तर कधी केली. डॉक्टर संबंधांबद्दल विचारतील, तेव्हा आईला किंवा सासूबाईंना दोन मिनिटं बाहेर बसवा असं तुम्ही सांगू शकता, आम्ही सिस्टर लोक तर स्वतःहूनच काहीतरी कारण काढून बाहेर पाठवतो. साधारण टीएसएच, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, शुगर आणि लागली तर सोनोग्राफी. लग्न झालेलं नसेल तर सोनोग्राफी पोटावरूनच करतात, त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून यावं लागतं.

मला तारखाच लक्षात राहत नाहीत, काय करू?

मोबाइलमध्ये ॲप आहेत, ते वापरा, पण ॲप सांगतं ती पुढची डेट हा फक्त अंदाज असतो, मागच्या महिन्यांवरून काढलेला, त्याला तुमचा डेंग्यू किंवा परीक्षा माहीत नसते. मी अजून स्वयंपाकघरातलं कालनिर्णयच वापरते. दुधाच्या खाड्यांची जी खूण असते ना, त्याच चौकोनात खालच्या कोपऱ्यात लाल पेनाने एक टिंब. माझ्या मुलीने मागच्या वर्षीपासून तिचं टिंब हिरव्या पेनाने काढायला सुरुवात केलीय, त्याच कॅलेंडरवर, तिच्या बाबांच्या डोळ्यांसमोर. परवा तेच म्हणाले, अगं हिरवं टिंब या महिन्यात राहिलंय का, चाळीस दिवस झाले. मी मोजले तर अडतीस होते. तिची बारावीची प्री-बोर्ड नुकतीच संपली होती.